शंकरपट आणि उत्तेजक द्रव्यांचा नीतिप्रश्न

शंकरपट म्हणजे पूर्व विदर्भातील बैलजोड्यांची शर्यत. धानाची कापणी-मळणी उरकली की भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीच्या जिल्ह्यांत गावोगावी पट भरतात. भंडारा शहरालगत वैनगंगेचा पूल ओलांडून कारध्यात आले, की तेथून लाखनी-साकोलीकडे जाणाऱ्या महामार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या धानपट्ट्यात पट हा वर्षाचा मोठा सोहळा मानला जातो. दिवसा जोड्या धावतात, घरे पाहुण्यांनी भरतात आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक रंगते. पटाच्या बैलाला वेग यावा म्हणून औषध, दारू किंवा दाहक पदार्थ देण्याचा नैतिक विचार हा या नोंदीचा विषय आहे. माणसांच्या खेळांत, विशेषतः व्यावसायिक सायकल शर्यतींत, या प्रश्नाचा जो खल झाला तो येथे उपयोगी पडतो, मात्र तो जसाच्या तसा लागू होत नाही.

पहिली अडचण खुराक आणि उत्तेजक यांच्यातील सीमारेषेची आहे. पटाची जोडी मालक पोटच्या पोरांसारखी सांभाळतो, तिला ढेप, कणकेचे गोळे, दूध, अंडी चारतो, आणि या लाडात गैर काहीच नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे 1999 मध्ये स्थापन झालेली ‘वाडा’, एखादे द्रव्य निषिद्ध ठरवताना तीन निकष लावते : त्याने कामगिरी वाढते काय, आरोग्याला धोका पोहोचतो काय आणि खेळाच्या मूळ भावनेला बाधा येते काय, यांपैकी दोन निकष पुरे झाले तरी ते द्रव्य यादीत जाऊ शकते. पटापुरता याहून सोपा निकष सुचवता येतो. जे बैलाचे शरीर घडवते तो खुराक, आणि जे त्या शरीराने दिलेली सूचना दाबून टाकते ते उत्तेजक, मग त्याची बाटली औषधाच्या दुकानातून आलेली असो वा मोहाच्या भट्टीवरून.

या निकषाने पाहिल्यास सर्वांत गंभीर प्रकार वेदनाशामकाचा ठरतो. पुढच्या पायाने किंचित लंगडणाऱ्या बैलाला शर्यतीआधी सुई टोचली, तर तो पाय पूर्ण टेकवू लागतो, धुरकरी म्हणजे जोडी हाकणारा त्याला मोकळेपणाने पळवतो, आणि आधीच दुखावलेल्या सांध्यावर वेगाचा सगळा भार येतो. दुखणे बरे झालेले नसते, फक्त कळेनासे झालेले असते. सायकलपटूंच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने ट्रॅमाडॉल या वेदनाशामकावर 1 मार्च 2019 पासून शर्यतीपुरती बंदी घातली आणि वाडाने 2024 पासून ती सर्व खेळांना लागू केली. सायकलपटू निदान बोलू शकतो. बैलाजवळ नकार देण्याचे साधन म्हणजे लंगडणे, बसकण मारणे, अडून राहणे एवढेच असते, आणि वेदनाशामक नेमके तेच काढून घेते.

दुसरा प्रकार दारू आणि उत्तेजक औषधांचा. औषधशास्त्राच्या अर्थाने दारू हा उत्तेजक पदार्थ नव्हे. ती मज्जासंस्था मंदावते आणि त्यामुळे भीती व वेदना यांची जाणीव बोथट होते. खऱ्या उत्तेजकांचा धोका उष्णतेशी निगडित आहे. 13 जुलै 1967 रोजी टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत माँ व्हाँतू डोंगराच्या चढावर इंग्लंडचा टॉम सिम्पसन कोसळून मरण पावला, तेव्हा त्याच्या शरीरात अँफेटामाइन आणि मद्य आढळले. थकवा जाणवू न देणारे ते औषध आणि जुलैचे ऊन यांनी मिळून त्याचा जीव घेतला. घोड्याच्या मानाने बैलाला घामावाटे अंगातील उष्णता बाहेर टाकणे कमी जमते, म्हणून थांबण्याची सूचना दाबणारे द्रव्य त्याच्यासाठी अधिकच घातक ठरते.

दाहक पदार्थांचा वापर हा तिसरा प्रकार. यात वेदना दाबली जात नाही, उलट ती देऊनच जनावराला हलवले जाते. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांवरून उड्या मारणाऱ्या काही घोड्यांच्या नमुन्यांत मिरचीतील कॅप्सेसिन हा घटक सापडला आणि नॉर्वेच्या संघाला कांस्यपदक गमवावे लागले. पायाला तिखट चोळले की दांड्याचा स्पर्श असह्य होतो व घोडा पाय उंच उचलतो, हे त्यामागचे तंत्र होते.

माणसांच्या खेळात उत्तेजकांविरुद्ध मुख्य युक्तिवाद समान संधीचा असतो. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्समधील 1999 ते 2005 ची सात विजेतेपदे 2012 मध्ये काढून घेण्यात आली, परंतु ती दुसऱ्या कोणालाही दिली गेली नाहीत. त्या काळातील शर्यतींत निर्मळ विजेता शोधणेच अवघड होऊन बसले होते. एकाने सुरुवात केली की इतरांवर दडपण येते, आणि पटातील मालकांचेही तसेच होते. तरीही सायकलपटू प्रौढ आहे, आपल्या शरीराचे काय करायचे ते त्याने ठरवावे, असा प्रतिवाद काही विचारवंत करतात. बैलाच्या बाबतीत हा प्रतिवाद उभाच राहत नाही, कारण बक्षीस आणि नाव मालकाचे होते, तर जोखीम सगळी बैलाची असते. संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून पटातील उत्तेजक ही प्रतिस्पर्ध्याची फसवणूक असण्याआधी जनावरावरील अत्याचार आहे.

जबाबदारी कोणाची, हे ठरवताना ‘निरपवाद उत्तरदायित्व’ हे तत्त्व महत्त्वाचे आहे. नमुन्यात द्रव्य सापडले की ते शरीरात कसे आले याचा भार खेळाडूवरच येतो, असे हे तत्त्व सांगते. तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेला मल्ल नरसिंग यादव याने 2016 मध्ये आपल्या आहारात कोणीतरी औषध मिसळल्याचे सांगितले व राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने त्याला दोषमुक्त केले. तरीही क्रीडा लवादाने रिओ ऑलिंपिकच्या काळात त्याच्यावर चार वर्षांची बंदी लादली. माणसाला हे तत्त्व कधी कधी फार कठोर वाटते. बैल मात्र स्वतःहून काहीच घेत नसल्यामुळे ते पटाच्या मालकाला लावणे अधिक न्याय्य आहे. घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ही जबाबदारी मुख्यतः स्वारावर टाकलेली आहे.

भारतीय कायद्यात जनावराला अपायकारक द्रव्य विनाकारण देणे हा 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम 11 नुसार गुन्हा आहे, परंतु पहिल्या गुन्ह्याचा दंड 10 ते 50 रुपये इतकाच ठेवलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी जल्लिकट्टू आणि बैलगाडी शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायद्यात सुधारणा केली, 16 डिसेंबर 2021 रोजी शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ती सुधारणा वैध ठरवली. या सुधारणेत जनावराला क्लेश दिल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास अशी शिक्षा असून, जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, पशुवैद्यकाची तपासणी व उत्तेजक द्रव्यांना मनाई अशा अटी नियमांत आहेत. तथापि नुसत्या नजरेने केलेल्या तपासणीत वेदनाशामक दिसत नाही. उलट ते दिलेला बैल अधिक धडधाकट भासतो. पट टिकावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्या आयोजकांनीच विजेत्या जोडीच्या मूत्राचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा आणि अहवाल हाती येईपर्यंत बक्षीस राखून ठेवावे.