हाताला कळणारे अंतर

चेन्नईहून बंगळुरूकडे जाणाऱ्या महामार्गावर, श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे वसलेले इरुंगाट्टुकोट्टै हे 1990 पासून मोटार शर्यतींच्या धावपट्टीसाठी आणि 1998 मध्ये ह्युंदाईच्या तेथील कारखान्यातून पहिली सँट्रो बाहेर पडल्यापासून मोटारनिर्मितीसाठी ओळखले जाते. अशा कारखान्यात मोटारीचा सांगाडा जोडणारे वेल्डिंगचे रोबो कुंपणाआड काम करतात. त्यांना एकदा शिकवलेली वाट ते हजारो वेळा गिरवतात आणि त्यांच्या हालचालीशी कोणा माणसाचा हात त्या क्षणी जोडलेला नसतो. यंत्रमानवांचे दुसरे एक घराणे मात्र याच्या नेमके उलट आहे. त्यात यंत्राच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतोच, आणि यंत्राला जे लागते ते त्या माणसाच्या हाताला कळावे यासाठी सगळा खटाटोप असतो. संगणकशास्त्रात आज ‘हॅप्टिक्स’, म्हणजे स्पर्शाचे आणि बलसंवेदनेचे शास्त्र, या नावाने जे संशोधन चालते, त्याची एक मोठी मुळी या घराण्यात आहे. आणि भारतात ती शोधायची तर मोटारींच्या गावातून निघून मुंबईच्या तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, जावे लागते.

तुर्भे येथे 1954 मध्ये अणुऊर्जा आस्थापना उभी राहिली, 1956 च्या ऑगस्टमध्ये ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली आणि 1964 मध्ये वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे करणारा प्रकल्प आला. 1967 मध्ये या संस्थेला होमी भाभांचे नाव मिळाले. अणुभट्टीतून बाहेर काढलेले इंधन इतके किरणोत्सारी असते की त्याच्याजवळ उघड्या हाताने जाणे म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून ते जाड भिंतींच्या कोठडीत, ज्याला तेथे ‘हॉट सेल’ म्हणतात, ठेवून दुरून हाताळावे लागते. भिंतीतून आरपार गेलेली नळी, तिच्या अलीकडे कारागिराच्या मुठीत बसणारी पकड, पलीकडे चिमटा, आणि दोहोंना जोडणाऱ्या पोलादी फिती व तारा, असे या कामाच्या ‘मास्टर-स्लेव्ह मॅनिप्युलेटर’चे रूप असते. कारागीर शिशाच्या जाड, पिवळसर काचेतून आत पाहतो आणि पलीकडचा काचपात्र धरलेला चिमटा खाली आणतो; पात्राचा तळ ओट्याला टेकला की तो लहानसा धक्का तारांमधून त्याच्या मनगटापर्यंत येतो आणि मगच तो पकड सैल करतो. काचेतून खोलीचा अंदाज नीट येत नाही, पण टेकल्याचे हाताला अचूक कळते. ‘मालक-गुलाम’ असा अर्थ असलेले या यंत्राचे नाव आज खटकते, आणि ते त्याच्या स्वभावाशीही जुळत नाही, कारण येथे बल दोन्ही दिशांनी वाहते: पलीकडचा हात हुकूम पाळतो तसाच अलीकडच्या हाताला थांबवतोही.

या रचनेचा पाया अमेरिकेतील आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत रेमंड गोर्ट्झ यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस घातला. नुसत्या बटणांवर चालणाऱ्या यांत्रिक हाताने चाचपता येत नाही आणि चाचपता न आल्याने काम रखडते, हे त्यांनी ओळखले. 1954 मध्ये त्यांनी पोलादी फितींच्या जागी विजेवरच्या सर्व्हो मोटरी आणल्या, म्हणजे सांगितलेली स्थिती स्वतः तपासत धरून ठेवणाऱ्या मोटरी. त्यामुळे दोन हातांमधला सांधा केवळ विजेच्या तारांचा राहिला. भाभा अणुसंशोधन केंद्रातही पुढे दूरहाताळणी आणि यंत्रमानवशास्त्र यांचा स्वतंत्र विभाग झाला आणि बल परत पोहोचवणारे सर्व्हो मॅनिप्युलेटर तेथे घडवले गेले.

एकदा दोन हातांमध्ये केवळ विद्युतसंकेत उरले, तेव्हा पलीकडचा हात खराच असण्याची गरज संपली, आणि या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वळण हेच म्हणावे लागेल. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात फ्रेडरिक ब्रूक्स यांनी 1967 मध्ये आरंभलेल्या ‘ग्रोप’ प्रकल्पात आरगॉनचाच एक यांत्रिक हात आणला गेला, पण त्याच्या पलीकडे कोठडी नव्हती, संगणक होता. औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत बसवताना होणारे आकर्षण-प्रतिकर्षण संगणक मोजायचा आणि संशोधकाच्या हाताला ते ओढ-रेट्याच्या रूपात जाणवायचे. डोळ्यांसाठीची आभासी वास्तवता इव्हान सदरलँड यांच्या 1968 च्या डोक्यावर घालायच्या पडद्यापासून मोजण्याची रूढी आहे. हाताची आभासी वास्तवता मात्र हॉट सेलमधून आली, ही गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही.

1990 च्या दशकात मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत थॉमस मॅसी आणि केनेथ सॅलिसबरी यांनी ‘फँटम’ हे टेबलावर मावणारे उपकरण बनवले. शिवणकामाच्या टोपणासारख्या टोपीत बोट घालून हवेत फिरवले की पडद्यावरच्या ठोकळ्याची कड बोटाला खरोखर अडते. त्याच संस्थेतील स्पर्श प्रयोगशाळेचे संस्थापक म्हणजे मंड्यम श्रीनिवासन. त्यांच्या गटाने 2002 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील गटासह अटलांटिकच्या दोन किनाऱ्यांवरील दोन माणसांकडून एकच आभासी ठोकळा उचलून घेतला. चेन्नईत मद्रास आयआयटीमध्ये एम. मणिवण्णन यांच्या स्पर्श प्रयोगशाळेने हा धागा शस्त्रक्रियेच्या सरावापर्यंत आणि गुळगुळीत पडद्यावर विद्युतक्षेत्राने घर्षण बदलून खरखरीतपणा जाणवून देण्यापर्यंत नेला आहे.

या शास्त्राची खरी अडचण काळाची आहे. डोळ्याला सेकंदाला 24 चित्रे पुरतात, पण कठीण पृष्ठभाग कठीणच वाटावा यासाठी बलाचा हिशेब सेकंदाला सुमारे हजार वेळा करावा लागतो. त्याला उशीर झाला तर भिंत मऊ लागते किंवा यंत्राचा हात थरथरू लागतो. 2001 मध्ये न्यूयॉर्कहून स्ट्रासबर्गमधील रुग्णाचे पित्ताशय काढताना जाक मारेस्को यांना सुमारे दीडशे मिलिसेकंदांच्या विलंबात काम करावे लागले, आणि त्यांची भिस्त डोळ्यांवर होती. 2018 च्या डिसेंबरमध्ये तेजस पटेल यांनी गांधीनगरच्या अक्षरधाममधून अहमदाबादच्या रुग्णावर हृदयधमनीचा उपचार केला, तेव्हा अंतर 32 किलोमीटरच होते.

काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो. म्हणून जाऊन-येऊन एक मिलिसेकंदात आटोपायचे असेल, तर बाकी यंत्रणेला क्षणही लागत नाही असे धरूनही दोन हातांमधले अंतर 100 किलोमीटरांपलीकडे जाऊ शकत नाही. त्याहून दूर जायचे तर पलीकडच्या वस्तूचे गणिती प्रतिरूप अलीकडेच ठेवून हाताला त्याचा स्पर्श द्यावा लागतो, आणि तो स्पर्श मग अंदाजाचा असतो. इरुंगाट्टुकोट्टैभोवती 100 किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ आखले तर गिंडीजवळची मद्रास आयआयटी त्यात येते, हॉट सेल असलेले कल्पाक्कमही येते. तुर्भे मात्र सरळ रेषेतही सुमारे हजार किलोमीटर दूर असल्याने पार बाहेर राहते.