लिदीची ऊब आणि पॅरिसचा टोमॅटो

माघातल्या पहाटे गावाबाहेरच्या उकिरड्यातून वाफ निघताना दिसते. कुजणाऱ्या शेणापाल्यात असंख्य सूक्ष्मजीव राबत असतात, त्यांच्या श्रमाची ती उष्णता. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला या उष्णतेचा हिशेब ठेवण्याची गरज सहसा पडली नाही. त्याच्या डोक्यावर सूर्य होता. एकोणिसाव्या शतकातील पॅरिसने मात्र याच उष्णतेवर एक अख्खा व्यवसाय उभा केला, आणि गारठलेल्या वसंतात टोमॅटोचे बी रुजवण्याचा प्रश्नही तिच्याच बळावर सोडवला.

प्रश्न साधा नव्हता. टोमॅटो हे मुळात दक्षिण अमेरिकेच्या अँडीज परिसरातील झाड. मेक्सिकोत ते शेतीत स्थिरावले आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून युरोपात आले. त्याचे बी उष्णतेच्या बाबतीत फार हट्टी असते. माती २५ अंश सेल्सिअस असेल तर ते सुमारे ६ दिवसांत उगवते. २० अंशांवर ८ दिवस लागतात, १५ अंशांवर १४, आणि १० अंशांवर तब्बल ४३. त्याखाली ते बहुधा उगवतच नाही, मातीत कुजून जाते. रोप उगवलेच, तर दव गोठवणाऱ्या एका रात्रीत ते काळे पडते.

मध्य आणि पश्चिम युरोपात ही भीती मे महिन्याच्या मध्यापर्यंत टळत नाही. तेथील शेतकऱ्यांनी ११ ते १३ मे या दिवसांच्या संतांना, मामेर्तुस, पँक्रास आणि सर्वेशियस यांना, ‘हिमसंत’ असेच नाव देऊन टाकले. हे तिघे गेल्याखेरीज नाजूक रोप उघड्यावर लावू नये, असा दंडक. (जर्मन मुलुखात १५ मेची ‘थंड सोफी’ही जाईपर्यंत थांबतात.) मग मेअखेरीस उघड्या रानात बी टाकावे, तर फळ पिकायला सप्टेंबर उजाडतो, आणि तोवर पावसाळी गारठा पुन्हा दाराशी येतो. उन्हाळ्यात टोमॅटो हवा असेल, तर कडक थंडीतच कोठेतरी उन्हाळा निर्माण करणे भाग होते.

दक्षिणेकडच्या प्रोव्हान्समध्ये टोमॅटो रुळला होता, पण पॅरिसला त्याची ओढ उशिरा लागली. विल्मोरँ या प्रसिद्ध बियाणे-व्यापारी घराण्याच्या यादीत १७६० साली तो शोभेच्या झाडांत होता. भाज्यांत त्याला जागा मिळाली ती १७७८ साली. राज्यक्रांतीच्या काळात दक्षिणेकडची माणसे आणि त्यांची खाद्यरुची राजधानीत आली, तशी मागणी वाढत गेली. ती पुरवण्याचे काम आले ‘मारेशे’ म्हणवणाऱ्या भाजीवाल्या माळ्यांकडे. ‘मारे’ म्हणजे दलदल. सीन नदीकाठच्या जुन्या दलदलीत भाजी पिकवणाऱ्यांचे हे नाव पुढे धंद्याचेच नाव झाले.

मारेशेंचे मुख्य हत्यार म्हणजे गरम वाफा. कल्पना नवी नव्हती. सम्राट तिबेरियससाठी शेणखताच्या ऊबेवर आणि पारदर्शक दगडाच्या पातळ तावदानांखाली काकड्या वाढवीत, असे रोमन लेखक कोलुमेल्लाने पहिल्या शतकातच लिहून ठेवले आहे. पण एका सम्राटाच्या ताटातील काकडी वेगळी आणि लाखो लोकांच्या बाजारातील भाजी वेगळी. पॅरिसला हा उद्योग एवढ्या प्रमाणावर करता आला, कारण तेथे घोडे होते. बग्गी, सार्वजनिक ऑम्निबस, मालाचे गाडे, लष्कर, सारे घोड्यांवर चाले, आणि एक घोडा दिवसाला साधारण ७ ते १४ किलो लीद टाकतो.

लीदच का? गाय रवंथ करते. तिचे शेण बारीक दळलेले, ओले आणि त्यामुळे थंड राहते. घोड्याच्या पोटातून चारा अर्धवट पचूनच बाहेर पडतो. त्या कोरड्या, तंतुमय लिदीत तबेल्यातला पेंढा मिसळला की हवा खेळती राहते आणि कुजण्याची क्रिया वेगाने पेटते. ‘पेटते’ हा शब्द येथे अतिशयोक्तीचा नाही. ताज्या ढिगाचे तापमान ६० अंशांवर जाऊ शकते.

असा वाफा रचणे ही एक विद्याच होती. ताजी लीद आधी ढीग घालून वाफाळू द्यायची, मग फावड्याने उलथून पुन्हा रचायची, म्हणजे उष्णता सगळीकडे सारखी पसरते. मग ती थराथराने अंथरून पायांनी तुडवायची, वर लाकडी चौकट ठेवायची, सुमारे १५ सेंटीमीटर बारीक माती पसरायची आणि काचेची झडप टाकायची. बी लगेच टाकायचे नाही. पहिला ताव उतरून माती ३० अंशांच्या आसपास येईपर्यंत आणि अमोनियाचा उग्र दर्प निघून जाईपर्यंत काही दिवस थांबायचे. उतावळ्या माळ्याचे बी शिजून निघे. फार रेंगाळणाऱ्याच्या वाफ्यातली ऊब रोपे तयार होण्याआधीच संपे.

रोपे वर आली की दुसरी कसोटी सुरू होई. ऊन पडताच झडप किंचित उचलून हवा द्यायची, नाहीतर दुपारी रोपे भाजत. दमट हवा कोंडली तर मर लागून देठाशी कोलमडत. संध्याकाळी काचांवर पेंढ्याच्या चटया अंथरायच्या आणि सकाळी गुंडाळायच्या. खरी पाने फुटली की प्रत्येक रोप उपटून दुसऱ्या ऊबदार वाफ्यात अंतराने लावायचे. यात सुट्टीचा दिवस कोणता, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

वसंत लांबला, थंडी हटेना, तर काय करीत? वाफ्यातील लीद थंडावत जाई आणि बाहेर दव गोठतच राही. अशा वेळी मारेशे चौकटींच्या मधल्या वाटा खणून त्यांत ताजी, वाफाळती लीद ठासून भरत. तिची धग बाजूंनी आत शिरे. थंडी आणखी लांबली की ती लीद काढून पुन्हा ताजी भरायची. म्हणजे ऋतू जितका वाईट, तितके शहरातील तबेल्यांवरचे अवलंबन मोठे. भाजी घेऊन बाजारात गेलेला गाडा परतताना लीद भरून आणी.

या साऱ्याचा आकडा थक्क करणारा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या सुमारे एक षष्ठांश भूमीवर ही शेती चाले. तिच्यातून वर्षाला १ लाख टनांहून अधिक भाजीपाला निघे आणि तिला सुमारे १० लाख टन तबेल्याचे खत लागे. एका टन भाजीमागे जवळपास दहा टन खत! निर्वासित रशियन विचारवंत क्रोपोत्किन याने १८९९ साली पुस्तकरूपाने आलेल्या आपल्या लेखनात पोन्स नावाच्या एका मारेशेचा दाखला दिला आहे. अवघ्या २.७ एकरांत वर्षभरात ५,००० टोपल्या टोमॅटो, १,५४,००० सॅलडचे गड्डे, शिवाय गाजर, कांदे, कोबी आणि फुलकोबी. क्रोपोत्किनला त्याहून नवल वाटले ते भाडेकराराचे. जागा सोडताना ठरावीक खोलीपर्यंतची माती बरोबर नेण्याचा हक्क मारेशे करारात लिहून घेत. कारण ती माती निसर्गाची नव्हती. वर्षानुवर्षे वाफ्यांत कुजून काळ्या भुशासारख्या झालेल्या लिदीची होती, त्यांनी स्वतः घडवलेली.

या व्यवस्थेला पहिला धक्का वाफेच्या इंजिनाने दिला. दक्षिणेतून रेल्वेने आणि अल्जीरियातून आगबोटीने हंगामाआधीची भाजी पॅरिसात उतरू लागली. हे पॅरिसपुरते नव्हते. अटलांटिकपलीकडे न्यूयॉर्क बंदरात १८८६च्या वसंतात वेस्ट इंडीजहून आलेल्या टोमॅटोवर जकात लागली आणि त्या वादातूनच टोमॅटो फळ की भाजी हा प्रश्न थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १८९३ साली निकाल लागला, की व्यवहारात ती भाजीच. लवकर येणाऱ्या टोमॅटोत पैसा नसता, तर एवढ्या कज्जेदलालीचे कारण नव्हते.

मुळावरचा घाव मात्र मोटारीने घातला. जानेवारी १९१३मध्ये पॅरिसची शेवटची घोड्यांची ऑम्निबस धावली. शहराला ती स्वच्छतेची पहाट वाटली असेल. लिदीच्या ढिगांनी नागरिक त्रासलेच होते. मारेशेच्या दृष्टीने मात्र ती इंधनाची टंचाई होती. लीद महागली, दुरून आणावी लागली, आणि वाढत्या शहराने भाजीच्या वाड्या आधीच वेशीबाहेर ढकलल्या होत्या. ग्वेर्नसीसारख्या बेटांवर कोळशाने तापणारी मोठी काचघरे टोमॅटो पिकवीत होती. त्यांच्याशी स्पर्धा करणे छोट्या मारेशेला परवडणारे नव्हते.

१९२०च्या दशकात स्कँडिनेव्हियात मातीखाली विजेच्या तारा पुरून वाफे तापवण्याचे प्रयोग झाले आणि ती पद्धत इतर देशांत पसरली. चौकट तीच, काच तीच, वरचा मातीचा थरही जवळजवळ तेवढाच; फक्त खाली लिदीच्या जागी तार. कळ दाबली की हवी तेवढी ऊब मिळे, लीद तुडवण्याचा त्रास नाही, थंडी लांबली तरी वाटा खणायला नकोत. पण हंगाम संपल्यावर चौकट उचलली, की खाली तारच उरे. मारेशे जी काळी माती गाड्यात भरून नव्या वाडीत नेत असे, ती तयार होणे तेथे थांबले.