उल्हासची दरी आणि बोरघाटाचे कामकरी

लोणावळ्याच्या परिसरात दोन नद्या एकमेकींकडे पाठ करून उगम पावतात. कुरवंडे गावाजवळची इंद्रायणी पूर्वेकडे वळते, देहू-आळंदीची वाट धरते आणि भीमा-कृष्णेच्या संगतीने बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्यापासून फार दूर नाही अशा राजमाचीच्या दरीतली उल्हास मात्र कड्यावरून थेट कोकणात उतरते आणि कर्जत, कल्याण करीत वसईच्या खाडीत जाते. एकीला समुद्र गाठण्यासाठी अर्धा भारत ओलांडावा लागतो. दुसरीचा प्रवास सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास संपतो. या विषमतेतच आपल्या सह्याद्रीच्या दऱ्यांचे रहस्य आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्हारसाचे थरावर थर साचले व त्यांचा काळा पत्थर झाला. पश्चिमवाहिनी नद्यांना उतार तीव्र मिळाल्यामुळे त्यांनी तो पत्थर आतआत कोरीत नेला, आणि खंडाळ्याची ती भयाण सुंदर घळ निर्माण झाली.

आपली कुटुंबे रिट्रीटच्या किंवा सहलीच्या निमित्ताने खंडाळ्यास जातात तेव्हा राजमाची पॉइंटवर उभे राहून ही दरी पाहिल्याशिवाय परतत नाहीत. पावसाळ्यात धुके फाटते, समोरच्या कड्यावरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा दिसतात, आणि मुले ओरडून प्रतिध्वनी ऐकतात. या दरीत माणसे कशासाठी उतरली, कोणी तिचा शोध घेतला आणि त्याची किंमत कोणी दिली, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

पहिले शोधक व्यापारी आणि भिक्षू होत. कोकणातील बंदरांतून माल घाटावर आणायचा तर दरीचा माग काढणे भागच होते. दोन हजार वर्षांपूर्वीची कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी घाटमाथ्याच्या वाटेवर आहेत आणि कोंडाणे लेणे राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हासच्या रानात दडले आहे. कोंडाण्याला एका भग्न मूर्तीजवळ छोटासा ब्राह्मी लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केले, एवढेच तो सांगतो. कार्ल्याच्या चैत्यगृहावरही धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे नाव कोरलेले आहे. दरवाजा त्याने घडविला. राजे-महाराजांच्या प्रशस्तीत सुताराचे नाव टिकून राहावे, हे मला त्या लेण्यांच्या कमानींइतकेच थोर वाटते.

पुढे याच दऱ्यांनी लढायांचे निकाल लावले. शाहिस्तेखानाने कोकणात पाठविलेला कारतलबखान लोणावळ्यावरून कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरला, आणि २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीच्या चिंचोळ्या पात्रात शिवाजी महाराजांनी त्याला कोंडले. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये अरुंद वाट, वर मावळे. मोगली फौजेला खंडणी देऊन, सामान टाकून सुटका करून घ्यावी लागली. १७७८ च्या अखेरीस मुंबईच्या इंग्रजांनी तोफा ओढीत बोरघाट चढून पुण्यावर चाल केली, तेव्हा कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. तोच मराठी लोकांच्या तोंडी 'इष्टुर फाकडा' झाला. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे इंग्रजांना शरणागतीचा तह करावा लागला. घाट चढणे एक आणि चढून परत उतरणे दुसरे, हा धडा त्यांनी तेथे घेतला असावा. नागफणीच्या सुळक्याला त्यांनी पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नाकाची उपमा दिली. त्या ड्यूकने, तेव्हाच्या आर्थर वेलस्लीने, ह्याच घाटातून आपल्या फौजेची ये-जा करविली होती. गावकऱ्यांचे नाव मला अधिक शोभते. चाकांच्या गाड्यांसाठी बांधलेला रस्ता नोव्हेंबर १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी खुला केला.

परंतु दरीशी खरी झुंज आली ती आगगाडीच्या वेळी. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी या कड्यांची वर्षानुवर्षे पाहणी केली. पलसदरीपासून लोणावळ्यापर्यंत सुमारे सोळा मैलांत १,८३१ फूट चढायचे होते. सर्वांत तीव्र चढ सदतीस फुटांस एक फूट! काही ठिकाणी कडा इतका उभा की, माणसाला दोरीने खाली सोडून तेथे सुरुंगाची भोके पाडावी लागत. खंडाळ्याजवळ तर गाडीला वळण घ्यायलाही जागा मिळेना. तेव्हा बर्कले यांनी युक्ती योजिली: गाडी एका टोकाला नेऊन थांबवायची, इंजिन दुसऱ्या बाजूला जोडायचे, आणि मग उलट दिशेने पुढचा चढ चढायचा. ही 'रिव्हर्सिंग स्टेशन'ची व्यवस्था १९२९ पर्यंत चालू होती.

जानेवारी १८५६ मध्ये कामाला आरंभ झाला. पंचवीस बोगदे, आठ उंच कमानींचे पूल आणि असंख्य मोऱ्या. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की डायनामाइटचे पेटंट झाले ते १८६७ साली; म्हणजे ह्या सगळ्या बोगद्यांचा काळा पत्थर पहारीने भोक पाडून आणि साध्या दारूने फोडला गेला. पावसाळ्याचे चार महिने काम जवळजवळ बंद. उरलेल्या महिन्यांत उन्हाळ्यात घाटावर प्यायला पाणी नाही. मजूर आपापल्या गावच्या शेतीच्या हंगामाला निघून जात आणि पुन्हा परत येत. पुरुषांबरोबर बायका व मुलेही डोक्यावर दगडमातीच्या पाट्या वाहत. १८६१ च्या सुमारास एका वेळी बेचाळीस हजारांहून अधिक माणसे ह्या एका दरीत राबत होती. त्यांच्या छावण्यांत पटकी शिरली की झोपड्यांच्या ओळी रिकाम्या होत.

त्यांची मजुरी तरी वेळेवर मिळे काय? कंत्राटदार फॅव्हिएल याच्या काळात, जानेवारी १८५९ मध्ये, थकलेल्या पगारावरून मजुरांचा उद्रेक झाला व त्यात एक युरोपीय मारला गेला. त्याच वर्षी फॅव्हिएलने काम सोडले. १८६० साली सरकारने एक कायदा केला. त्याने रेल्वे व कालव्यांच्या कामावरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटकडे झटपट चालविण्याची सोय झाली; पण त्याच कायद्याने काम अर्धवट टाकून जाणाऱ्या मजुराला शिक्षाही ठरली. न्यायाचे ताट अशा रीतीने एका हाताने वाढून दुसऱ्या हाताने काढून घेतले गेले.

फॅव्हिएलच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ च्या अखेरीस आला आणि येथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने माघार घेतली नाही. परक्या देशात वैधव्य आलेल्या त्या स्त्रीने कंत्राट स्वतःच्या नावे चालू ठेवले, अ‍ॅडमसन व क्लाउझर या दोन अनुभवी अभियंत्यांवर बांधकाम सोपविले आणि ते पुरे करविले. कामाची छायाचित्रेही तिने घेतली. त्या काळी हे धाडस थोडेथोडके नव्हते. बर्कले स्वतः मात्र मार्ग पुरा झालेला पाहू शकले नाहीत. प्रकृती ढासळून ते इंग्लंडला गेले व ऑगस्ट १८६२ मध्ये निवर्तले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्गाचे उद्घाटन झाले. चार वर्षांनी, १८६७ च्या जुलैत, त्यातला एक मोठा कमानींचा पूल ढासळला. दरीने बांधकामाची आपली परीक्षा अशी घेतली.

बर्कले, फॅव्हिएल, ट्रेडवेल ही नावे ग्रंथांत सापडतात. बेचाळीस हजारांपैकी एकाचेही नाव कोणत्या शिळेवर नाही. किती मेले, याचे आकडे इतिहासकार निरनिराळे देतात, कारण मजुरांच्या मरणाची नीट यादीच ठेवली गेली नाही. आपण धर्मग्रामातील माणसे नोंदवहीचे मोल जाणतो. पणजोबांच्या बाप्तिस्म्याची किंवा पणजीच्या दफनाची एक ओळ सापडली तर घरात केवढा आनंद होतो! ह्या माणसांच्या वाट्याला ती एक ओळही आली नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बलकाला ती मिळाली होती, आणि तीही याच दरीत.

लोकांनी मात्र आपल्या परीने एक नाव जपले आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. शिंग्रोबा हा धनगर. गुरे-मेंढ्यांमागे फिरून त्याला डोंगराची प्रत्येक वाट ठाऊक होती, त्याने साहेबाला घाटाची वाट दाखविली आणि बक्षीस म्हणून त्याला मृत्यू मिळाला, अशी आख्यायिका आहे. कागदोपत्री तिला आधार नाही. तथापि ती खोटी म्हणून हसण्यावारी नेऊ नये. गाडीवाले आजही तेथे नाणे टाकून पुढे जातात. साहेबाच्या नकाशाखाली एका अनामिक वाटाड्याचे पाऊल होते, एवढे तरी लोकस्मृतीने ओळखले आहे.

१८३० च्या रस्त्यावरचा जुना पूल, ज्याला पुढे एका औषधाच्या जाहिरातीवरून 'अमृतांजन पूल' म्हणू लागले, तो एप्रिल २०२० मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आला. रेल्वेचे बोगदे मात्र उभे आहेत. आता वीजगाड्या चढतात, तरी घाट चढताना कर्जतला मागून जादा इंजिने लावण्याची रीत चालत आली आहे. पलसदरी, जांबरुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल ही नावे एकामागून एक येतात. गाडी बोगद्यातून बाहेर पडून पुढच्यात शिरते, त्या मधल्या दोन-चार क्षणांत खिडकीशी बसलेल्यांनी कड्याकडे जरा निरखून पाहावे: मधूनच दगडावर पहारीचे उभे ओरखडे अजूनही दिसतात.