इंजिनाशिवाय आकाशात

पुण्याहून माळशिरसला निघालं की आधी हडपसर लागतं. माउलींची पालखीही हडपसरवरूनच पुढे माळशिरसला जाते. पण हडपसरला ग्लायडरची धावपट्टी आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असतं?

हा खेळ वाढला जर्मनीत. व्हर्सायच्या तहाने (१९१९) जर्मनांच्या विमानांवर बंधनं आली, तेव्हा तिथली पोरं १९२० पासून वासरकुप्पे डोंगरावरून इंजिनाशिवायच उडू लागली! आपल्याकडे हडपसरचं सरकारी केंद्र १९५० च्या दशकातलं. नागरी विमान वाहतूक खात्याने तर 'रोहिणी' हे दोन आसनांचं ग्लायडर स्वतःच बनवलं. ते १९६१ साली उडालं.

विंच तारेने ग्लायडर ओढते, ते वर चढतं आणि तार सुटते. पुढची भिस्त तापलेल्या जमिनीवरून वर उठणाऱ्या हवेवर. माळशिरसच्या माळावर घार पंख न हलवता घिरट्या घेत वर जाते ना, अगदी तसंच. ज्या उन्हाच्या नावाने आपण बोटं मोडतो, तेच इथे इंधन!

ऊन फुकट आहे हो, मोकळी जमीन नाही. हडपसरभोवती आता शहर दाटलंय. मला विचाराल तर ही एक जागा रिकामीच राहू द्यावी. एकदा बांधकाम झालं की धावपट्टी परत मिळत नाही.