हवाई वाहतूक-प्रवाह नियमन : मुंबई व महाराष्ट्र

विमानतळांची व हवाई मार्गांची क्षमता आणि त्यांवर येणाऱ्या विमानांची संख्या यांचा आगाऊ मेळ घालण्याच्या व्यवस्थेस हवाई वाहतूक-प्रवाह नियमन म्हणतात. दोन विमानांत सुरक्षित अंतर राखणे हे हवाई वाहतूक नियंत्रकाचे मूळ काम होय. प्रवाह-नियमन त्याच्या आधी, विमान जमिनीवर असतानाच सुरू होते. क्षमता अपुरी असेल, तर या व्यवस्थेने खोळंबा नाहीसा होत नाही. तो कोठे व्हावा आणि कोणी सोसावा, एवढेच तिच्याद्वारे ठरते. महाराष्ट्रात या विषयाचा इतिहास मुख्यत्वे मुंबईचा आहे. नागपूरचा संबंध त्यात प्रारंभी व अगदी अलीकडे येतो.

मुंबईत जुहू येथे १९२८ मध्ये विमानतळ सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल आणून आपले पस मॉथ विमान तेथे उतरविले. त्या काळी आकाशात वाट अडविणारे दुसरे विमान भेटण्याचा संभव जवळजवळ नव्हता. खरी अडचण पावसाळ्याची होती. जुहूचे मैदान पाण्याखाली जाई व सेवा तेवढ्यापुरती पुण्यास हलवावी लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रवासी वाहतूक सांताक्रूझच्या पक्क्या धावपट्ट्यांवर गेली.

१९४९ च्या जानेवारीत नागपूर केंद्रस्थानी ठेवून रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून संध्याकाळनंतर निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, टपालाची व प्रवाशांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. चारच विमानांच्या या रचनेत पुढील सर्व प्रश्नांचे बीज आहे : परस्परांवर अवलंबून असलेल्या वेळापत्रकात एका विमानाचा उशीर उरलेल्या तिघांत उतरतो. आजच्या विमानाच्या दिवसभराच्या फेऱ्यांतही हेच घडते. सकाळी मुंबईस झालेला अर्ध्या तासाचा उशीर सायंकाळपर्यंत तीन-चार शहरांत पोहोचतो.

या प्रश्नाचे मोठ्या प्रमाणावरील रूप प्रथम यूरोपात दिसले. तेथे लहान लहान राष्ट्रांच्या सीमा आकाशातही लागू होत्या आणि दोन तासांच्या प्रवासात विमान अनेक देशांच्या नियंत्रकांकडे सोपविले जाई. १९६० मध्ये सहा राष्ट्रांनी करार करून ‘यूरोकंट्रोल’ ही संस्था स्थापन केली. तथापि सार्वभौमत्वाच्या आग्रहामुळे तिच्याकडे प्रत्यक्ष नियंत्रणासाठी फारच थोडे आकाश आले. मास्ट्रिख्ट येथील तिचे केंद्र १९७२ मध्ये सुरू झाले. १९८० नंतरच्या दशकाअखेर खोळंबा असह्य झाला, तेव्हा ब्रुसेल्स येथे मध्यवर्ती प्रवाह-नियमन केंद्र उभारण्यात आले व १९९६ पासून ते पूर्णपणे कार्यरत झाले. ‘एकसंध यूरोपीय आकाशा’चे नियम २००४ मध्ये झाले, पण राष्ट्रांचे हितसंबंध आड आल्याने त्यांची अंमलबजावणी संथच राहिली.

भारतात एकच राष्ट्र व एकच नियंत्रक संस्था असल्याने ही अडचण नाही. भारतीय विमानतळ प्राधिकरण १ एप्रिल १९९५ रोजी अस्तित्वात आले. आकाशाची मुख्य विभागणी मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई अशा चार उड्डाण माहिती क्षेत्रांत असून मुंबईचे क्षेत्र अरबी समुद्रावर दूरवर पसरले आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ दोन विमानांची आकाशात टक्कर होऊन ३४९ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर टक्करविरोधी उपकरणे सक्तीची झाली. २७ नोव्हेंबर २००३ पासून सु. ८,८०० मी.वरील उंचीवर दोन विमानांतील उभे अंतर सु. ६०० मी.वरून ३०० मी. करण्यात आले, त्यामुळे त्या पट्ट्यात उड्डाणासाठी अधिक थर मिळाले.

आकाशात जागा झाली. धावपट्टी मात्र तेवढीच राहिली. मुंबईच्या सु. ३.४ किमी. व २.९ किमी. लांबीच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. भोवतालच्या वस्तीमुळे समांतर धावपट्टीस जागा नाही. तासाला ४६ उड्डाणे-अवतरणे म्हणजे सरासरी ७८ सेकंदांस एक विमान. २०१८ मध्ये येथे २४ तासांत हजाराहून अधिक विमानांची ये-जा झाली. नियंत्रकांच्या कौशल्याचा हा पुरावा खराच. परंतु एखादा पावसाचा जोरदार सडाका येताच अशा वेळापत्रकात सावरण्यास वाव उरत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने गर्दीच्या तासांतील ही मर्यादा ४४ वर आणली. विमानांना ४० ते ६० मिनिटे घिरट्या घालाव्या लागतात व त्यात १.७ ते २.५ किलोलिटर इंधन वाया जाते, असे कारण त्या वेळी देण्यात आले.

घिरट्या टाळण्यासाठी दिल्लीतील मध्यवर्ती प्रवाह-नियमन केंद्र निघण्याच्या विमानतळावरच विमान थांबवून त्यास ठराविक उड्डाणवेळ देते. इंधनाच्या व सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. मात्र त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. लांब पल्ल्याची विमाने आधीच आकाशात असतात. त्यांना थांबविता येत नाही. थांबविता येते ते जवळचे, अद्याप न निघालेले विमान. बीड जिल्ह्यात नियमित प्रवासी सेवेचा विमानतळ नाही. तेथील प्रवासी शंभराहून अधिक किमी. रस्त्याने छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर येतो. मुंबईचे अंतर तेथून तासाभराच्या उड्डाणाचेही नाही. त्यामुळे मुंबईवर गर्दी झाली की थांबविण्यास सोयीच्या विमानांत त्याचे विमान मोडते. प्रवाह-नियमनाच्या चर्चेत एकूण मिनिटांचा हिशेब होतो. ती मिनिटे कोणत्या गावच्या प्रवाशांची, हे क्वचितच विचारले जाते.

२०२४ मध्ये प्राधिकरणाने सु. ७,६०० मी.वरील सर्व भारतीय आकाशाचे नियंत्रण नागपुरात एकत्र आणण्याची योजना पुढे मांडली. उंचावरील मार्ग सरळ करण्यास ती उपयोगी पडेल. धावपट्टीची टंचाई मात्र तिच्या कक्षेत येत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी बांधलेल्या नवी मुंबई विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले व २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. दोन्ही विमानतळ जवळ असल्याने त्यांची येणारी-जाणारी विमाने मुंबईभोवतालच्या एकाच आकाशातून वाट काढतात व त्यांचे मार्ग एकत्रितपणे आखावे लागतात.