हलालखोर पळाले असते तर...

मुंबईच्या प्लेगची गोष्ट तीन नावांत संपवायची, अशी रीतच पडून गेली आहे. २३ सप्टेंबर १८९६ ला मांडवीत रोग ओळखणारे डॉ. व्हिएगस. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवणारा हाफकिन. आणि घरोघर झडत्या घेणारा जनरल गॅटेकर. चौथं नाव कुणी घेत नाही, कारण ते एका माणसाचं नावच नाही. ते हलालखोरांचं आहे. संडासाच्या टोपल्या उचलणाऱ्या भंगी-मेहतरांचं, रस्ते झाडणाऱ्या आणि कचरागाड्या भरणाऱ्या महार-मांगांचं.

माझगावच्या दोस्तांनी तर ही गोष्ट नीट ऐकली पाहिजे. मांडवी म्हणजे आपल्या दक्षिणेला हाकेवरची वस्ती. तिथल्या धान्याच्या वखारींत उंदीर पोसले गेले आणि रोग तिथून पसरला. पण दोष कुणाच्या माथी? चाळीतल्या गरिबाच्या! त्याच्या घराची कौलं उतरवली, भिंती चुन्याने धुतल्या, चीजवस्तू जाळली. उंदराच्या पिसवेतून प्लेग पसरतो हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवलं ते १८९८ साली. सरकारी शास्त्राला ते पटायला आणखी काही वर्षं गेली. तोवर घाण म्हणजे गरीब आणि गरीब म्हणजे रोग, हाच हिशेब.

६ ऑक्टोबर १८९६ ला म्युनिसिपल कमिशनर स्नो याने हुकूम काढला. रोग्याला सक्तीने इस्पितळात न्यायचं. लोक हादरले. इस्पितळात माणसं मारतात, मोमियाई काढतात, असल्या वावड्या उठल्या. २९ ऑक्टोबरला हजारभर गिरणी कामगार ऑर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. आणि दुसऱ्याच दिवशी, ३० ऑक्टोबरला, स्नोने हुकूम सैल केला.

साहेब कामगारांच्या दगडांना भ्याला असेल. पण त्याहून मोठं भय त्याच्या पोटात होतं. हलालखोर शहर सोडून पळाले तर? शेटजी पळाले तर पेढ्या बंद पडतील, शहर जगेल. फेब्रुवारी १८९७ पर्यंत साडेआठ लाखांच्या मुंबईतून पावणेचार लाखांवर माणसं पळालीच, तरी शहर उभं राहिलं. पण मैला उचलणारा गेला तर आठवड्यात मुंबई राहण्याजोगी उरली नसती. हे आंबेडकरी चळवळीने सांगायच्या आधी खुद्द गोऱ्या कमिशनरला कळलं होतं! ज्याच्या सावलीचा विटाळ व्हायचा, त्याच्या हातावर हे शहर तोललेलं होतं.

आणि त्या हातांना मोबदला काय? १८९० च्या म्युनिसिपल नोकरांच्या कायद्याने, नोटीस न देता काम सोडणं हा तुरुंगवासाचा गुन्हा ठरवला होता. म्हणजे तुझ्यावाचून चालत नाही, म्हणून तुझा पगार वाढवत नाही, तुला बेडी दाखवतो.

आता इस्पितळांकडे या. दंगे टाळायला सरकारने जातवार, धर्मवार प्लेग-इस्पितळांना परवानगी दिली. पारशांचं वेगळं, जैनांचं वेगळं, भाटियांचं, खोजांचं, मेमणांचं वेगळं. ज्या जमातीकडे शेट, तिच्याकडे खाटा. आपल्याकडे शेट नव्हता. आपल्याला उरलं सरकारचं दार.

खोजांकडून मात्र एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. हाफकिनने १० जानेवारी १८९७ ला लस आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना दिली. तरी लोक बिचकत होते. तेव्हा विशीतल्या तिसऱ्या आगाखानांनी स्वतः सुई टोचून घेतली, आणि हजारो खोजे त्यांच्या मागून आले. आरोग्याचं शिक्षण भाषणाने होत नाही. आपल्यातला कुणी आधी बाही वर करतो तेव्हा होतं. त्याच जमातीने पुढे १९४५ साली आपल्या माझगावात प्रिन्स अली खान हॉस्पिटल उभं केलं, आणि ते परक्यांच्याही कामी आलं.

शेट नसलेल्यांसाठी एकच दार जातीविना उघडं होतं, ते पुण्याजवळ. सावित्रीबाईंनी आणि डॉ. यशवंतने हडपसरच्या माळावर दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन आणलं. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. माई पोराला घेऊन गेली ती दया म्हणून नाही, त्याचा हक्क म्हणून.

दया आणि हक्क यांतला हा फरक बाबासाहेबांनी कामगारांच्या हाती दिला. १९३५ साली त्यांनी म्युनिसिपल कामगार संघ काढला. ज्याच्यावाचून शहर चालत नाही त्याने संघटित व्हावं, एवढंच साधं गणित.

पण गणित अजून सुटलेलं नाही. २७ सप्टेंबर २०१३ ला डॉकयार्ड रोडजवळ बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली. त्यात पालिकेचे कामगार आणि त्यांची पोरंबाळं राहत होती. ६१ माणसं गेली. २०२२ साली प्रिन्स अली खानची इमारत धोकादायक ठरली, तेव्हा रुग्ण वेळेवर बाहेर काढले. ते योग्यच झालं. पण कामगाराच्या घराला तीच घाई का नव्हती?

म्हणून मित्रहो, जवळच्या दवाखान्यात जा. डॉक्टरांच्या नावाच्या पाट्या वाचून झाल्या की ज्यांची पाटी नसते त्यांना भेटा. आया, वॉर्डबॉय, झाडूवाल्या बाया. विचारा, हातमोजे मिळतात का? ब-काविळीच्या लसीचे तिन्ही डोस झाले का? पगार पालिका देते की ठेकेदार? आणि एवढं जरूर सांगा : वापरलेली सुई टोचली तर भीतीने लपवू नका. जागा साबण-पाण्याने धुवा आणि तडक डॉक्टर गाठा. एचआयव्ही रोखण्याचं औषध जितकं लवकर तितकं बरं, ७२ तासांच्या आत तर सुरू व्हायलाच हवं.

त्यांची उत्तरं लिहून आणा, नावं उघड न करता. १८९६ च्या हलालखोराला कुणी विचारलं नाही. त्याच्याबद्दल लिहिलं ते त्याला भ्यालेल्या साहेबाने. या खेपेला आपणच लिहू.