सहाशे ठसे आणि एक अनुज्ञा

सिल्वासा येथे प्रार्थना व गीते यांची एखादी लहानशी पुस्तिका आपणच छापून अल्प मूल्यात विकावी, असा विचार निघाला की पैशांच्याही आधी लिपीचा प्रश्न उभा राहतो. घरी वारली किंवा कोकणा बोलणारी मुले शाळेत कोणी गुजराती, कोणी मराठी, तर कोणी इंग्रजी माध्यमात शिकतात. दोन लिपींत दोन आवृत्त्या काढाव्यात तर प्रतीमागील खर्च वाढतो. एकाच लिपीत काढावी तर कित्येक बाके मुकी राहतात.

हा पेच नवा नाही. भारतातील पहिला छापखाना 1556 साली गोव्याच्या सेंट पॉल महाविद्यालयात सुरू झाला. तेथील ठसे रोमन लिपीचे होते. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू 1579 साली गोव्यास आले आणि साष्टी प्रांतात त्यांनी आयुष्य वेचले. 1608 साली त्यांनी रोमला आपल्या संघप्रमुखांस लिहिले, की मलबारात झाले तसे याही प्रांती येथील भाषेत व येथील लिपीत काही ग्रंथ छापले जावेत अशी आपली फार दिवसांची इच्छा आहे. त्यांनी अडचणी दोनच सांगितल्या. युरोपात चोवीस अक्षरांवर भागते. येथे प्रत्येक अक्षर म्हणजे व्यंजन व स्वर यांचे जोडकाम, त्यामुळे सुमारे सहाशे ठसे पाडावे लागतील, हे अशक्यप्राय वाटते. दुसरी अडचण प्रांतप्रमुखांच्या अनुज्ञेची. (ग्रंथ छापू पाहणाऱ्या धर्मगुरूस ही दुसरी अडचण समजावून सांगण्याची गरज नाही.)

ठसे झाले नाहीत. तथापि स्टीफन्स त्यांच्यासाठी थांबलेही नाहीत. सुमारे 11,000 ओव्यांचे त्यांचे मराठी ख्रिस्तपुराण 1616 साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे 1649 व 1654 साली त्याच्या आवृत्त्या निघाल्या. ग्रंथाच्या आरंभीच नवख्रिस्ती श्रोता गुरूंना विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही वारिली, तर त्यांच्या ठायी आम्हांस दुसरे का देत नाही? म्हणजे ग्रंथास मागणी आधीच होती. रविवारी व सणांच्या दिवशी तो चर्चमध्ये वाचून दाखविला जाई.

पुढचा काळ प्रतिकूल आला. 1684 च्या फर्मानाने लोकभाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज अंगीकारावी असे ठरले. 1754 साली छपाईवरच बंदी आली व ती 1821 पर्यंत टिकली. आमची नगर हवेली 1783 साली पोर्तुगीज अमलाखाली गेली तेव्हा गोव्यात छापखाना मुळी नव्हताच. ख्रिस्तपुराणाच्या त्या तीन आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ जगला तो दक्षिण कानड्यातील ख्रिस्ती कुटुंबांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांत. त्यांच्या आधारे 1907 साली मंगळूर येथे जे. एल. सालढाणा यांनी तो पुन्हा छापला, तोही रोमन लिपीत. लंडनच्या मार्स्डेन संग्रहात मात्र त्याची एक देवनागरी पोथी आहे. संपूर्ण ग्रंथ देवनागरी मुद्रणात आणण्याचे काम शांताराम बंडेलू यांनी 1956 साली केले. देवनागरी ठसे तर सेरामपूरला केव्हाच तयार झाले होते. केरीचे मराठी व्याकरण 1805 चे.

रोमन लिपी पत्करल्याबद्दल स्टीफन्स यांस दोष देणारे आहेत. मला तो दोष पटत नाही. रोमन अक्षरे जाणणारे थोडे, हे त्यांस ठाऊक असलेच पाहिजे. पण त्यांचा ग्रंथ मुख्यतः ऐकण्यासाठी होता. एकाने वाचावे, मंडळीने ऐकावे, आणि ज्याला हवे त्याने आपल्या अक्षरांत उतरवून घ्यावे. मार्स्डेन संग्रहातील पोथी कोणी तरी तशीच उतरविली असेल.

आमच्या पुस्तिकेच्या प्रती मी बाकांवरून मोजीत होतो. वाचून दाखविणारे धर्मशिक्षक मोजले तेव्हा देवनागरीतल्या साठ प्रती पुरतील असे दिसले. मुद्रकाचा दर अद्याप विचारावयाचा आहे.